लाइन गाइड: अरुंद कडी, रुंद कडी, की टी-आकार?

प्रश्न: माझ्याकडे काही वर्षं वापरलेलं लो-प्रोफाइल बेटकास्टर रीळ आहे, म्हणजे मासेमारीच्या काठीवर बसणारं, आडव्या स्पूलचं (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीचं) बुटकं रीळ. त्याच्या लाइन गाइडची, म्हणजे गुंडाळताना दोरी स्पूलवर इकडून तिकडे नेत पसरवणाऱ्या तुकड्याची, कडी गोल आणि लहान आहे. स्पूलवर 0.20 मि.मी.ची ब्रेडेड दोरी, पुढे 3 मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर (मुख्य दोरीला गाठीने जोडलेला पुढचा तुकडा) आणि टोकाला बहुतेक वेळा 7 ते 10 ग्रॅमचं लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष, असतं. फेक पूर्वीइतकी लांब जात नाही. लीडरची गाठ गाइडवर टक्कन आपटते आणि बरेचदा लगेच गुंता होतो. गुंडाळताना दोरी उजव्या कडेला साचते आणि हल्ली किरकिर आवाजही येतो. टी-आकाराच्या गाइडचं रीळ घ्यावं असं मनात आहे. एक मित्र म्हणतो, गाइड काढूनच टाक, फेक लांब जाईल. दुसरा म्हणतो, स्पूलबरोबर फिरणारा गाइडच खरा. काय करू?

उत्तर: गाइड काढू नका, आणि नवं रीळ घ्यायची घाईही करू नका. तुमच्या तक्रारी चार आहेत, पण त्या एकाच कारणाच्या नाहीत. दोरी एका कडेला साचणं आणि किरकिर, या दोन गोष्टी झिजेच्या आणि साफसफाईच्या आहेत. त्या कुठल्याही आकाराच्या गाइडमध्ये होतात आणि घरच्या घरी बऱ्या होतात. गाठ आपटणं हे मात्र खरोखर गाइडच्या आकाराशी जोडलेलं आहे. फेक कमी होणं अर्धं आकाराचं आणि अर्धं सवयीचं.

आधी मूळ अडचण समजून घ्या, मग बाजारातला प्रत्येक आकार कशासाठी आहे ते आपोआप कळेल. लाइन गाइडला दोन कामं करावी लागतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुंडाळताना दोरी स्पूलवर नेमक्या जागी पडावी म्हणून कडी अरुंद हवी. कडी 4 मि.मी.ची असेल तर दोरी आत फार तर 4 मि.मी. इकडेतिकडे होईल, 8 मि.मी.ची असेल तर दुप्पट भटकेल आणि थर उंचसखल होतील. फेकताना नेमकं उलट. स्पूलवरची दोरी कधी डाव्या कडेवरून, कधी उजव्या कडेवरून सुटते, आणि जवळपास सगळ्या लो-प्रोफाइल रिळांत त्या वेळी गाइड एका जागी थांबलेला असतो. तेव्हा कडी जितकी रुंद तितकी चांगली. नसलीच तर सर्वांत उत्तम. अरुंद कडीत एक काम चांगलं होतं, रुंद कडीत दुसरं. टी-आकार, बाणाच्या फाळासारखा आकार, उभी लंबगोल कडी, हे सगळे या पेचातून वाट काढायचे प्रयत्न आहेत.

हा पेच तुमच्या रिळात किती मोठा आहे ते मोजून पाहता येतं. समजा स्पूलची रुंदी 22 मि.मी. आहे आणि स्पूलवर दोरी सुटते तिथपासून गाइडची कडी 35 मि.मी. दूर आहे. गाइड मधोमध थांबलेला असेल तर कडेवरून सुटणारी दोरी कडीत सुमारे 17 अंशांनी वळते. पण गाइड एका टोकाला थांबलेला असेल, तर समोरच्या कडेवरून येणारी दोरी 32 अंशांनी वळते. घर्षणाचा गुणांक 0.2 धरला, तर मधल्या जागी कडीत दोरीचा ताण फार तर 6 टक्क्यांनी वाढतो, टोकाच्या जागी 12 टक्क्यांनी. जड आमिषाला हा फरक जाणवतही नाही. 7 ग्रॅमच्या लुअरला जाणवतो.

आणि हे वळण एका फेकीत एकदाच येत नाही. हँडलच्या 4 फेऱ्यांत गाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो आणि रिळाचा गिअर रेशो 6.3:1 आहे, म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूल 6.3 वेळा फिरतो, असं धरा. म्हणजे गाइडच्या एका खेपेत स्पूल सुमारे 25 वेळा फिरतो. स्पूलवरच्या दोरीचा व्यास 34 मि.मी. असेल तर एका फेरीला 107 मि.मी. दोरी लागते, म्हणजे एका खेपेत सुमारे 2.7 मीटर. 30 मीटरच्या फेकीत दोरी स्पूलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत 11 वेळा सरकते. गाइड टोकाला थांबला असेल तर दर 5.4 मीटरला ते 32 अंशांचं वळण पुन्हा येणार. फेक चालू असताना मध्येच सर्र, सर्र असा लयीत वाढणारा आवाज येतो, तो हाच.

म्हणून पहिला उपाय असा: फेकण्याआधी गाइड मधोमध आणा. दोरी नुसती बाहेर सोडल्याने गाइड हलत नाही, गुंडाळल्याने हलतो. याचाच फायदा घ्यायचा. लुअर टोकाशी आलं आणि गाइड कडेला राहिला असं दिसलं, तर अंगठ्याखालची पट्टी (दाबली की स्पूल मोकळा होतो ती) दाबून लुअर सव्वा मीटरभर खाली सोडा आणि हँडलच्या दोन फेऱ्या मारा. गाइड मध्यावर येतो आणि लुअर पुन्हा टोकाशी. दोन सेकंदांचं काम आहे. दर फेकीला करायची गरज नाही. गाइड मधल्या एक-तृतीयांश भागात असेल तर पुरे.

गाइड स्पूलपासून किती लांब आहे, हीसुद्धा रचनेचीच बाब आहे आणि खरेदी करताना तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. 35 ऐवजी 45 मि.मी. अंतर असेल तर वरचे कोन 17 चे 14 आणि 32 चे 26 अंश होतात. साध्या गोल कडीचं रीळही केवळ या अंतरामुळे मोकळं फेकतं. तोटा इतकाच की रिळाचं नाक लांबतं, आणि रीळ मुठीत घेऊन काठी धरायची सवय असेल तर बोटांना गाइड लागतो.

उभ्या दिशेचं वळणही एकदा पाहून घ्या. दोरी ताणून धरा आणि रीळ बाजूने बघा. स्पूल, गाइडची कडी आणि काठीची पहिली रिंग यांतून दोरी जवळपास सरळ गेली पाहिजे. पहिली रिंग फार बुटकी असेल तर गाइडशी दोरी ठळकपणे मोडलेली दिसते. हा दोष काठी आणि रीळ यांच्या जोडीचा आहे. नवा गाइड घेऊन तो जात नाही.

आता गाठ. तुमची फेक सर्वांत जास्त तिथेच बिघडते आहे. 3 मीटरच्या लीडरमुळे गाठ फेकीच्या आधी स्पूलवर असते. लुअर सुटल्यानंतर क्षणात, स्पूल सर्वाधिक वेगात असताना, गाठ लहान कडीवर आदळते. दोरी क्षणभर अडते, स्पूल मात्र त्याच वेगात फिरत राहतो. जादा सुटलेली दोरी स्पूलवर फुगते आणि गुंता होतो. रिळाचा ब्रेक, म्हणजे फेकताना स्पूलचा वेग रोखणारी यंत्रणा, वाढवून हे थांबत नाही, कारण दोष स्पूलच्या वेगात नाही, कडीत आहे. ब्रेक वाढवला की गुंता कमी होतो खरा, पण सगळ्याच फेकी आखूड होतात. तुमची फेक पूर्वीपेक्षा कमी जाण्यामागे हेच असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा ब्रेक कितीवर आहे ते तपासा.

यावरचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे लीडर आखूड करणं. काठीच्या टोकापासून रिळाच्या गाइडपर्यंतचं अंतर मोजा. 1.7 मीटर भरलं आणि फेकताना लुअर टोकाखाली 30 सें.मी. लोंबत असेल, तर 2 मीटरपेक्षा लांब लीडरची गाठ गाइडच्या आत जाणारच. लीडर 1.7 मीटर ठेवा, गाठ गाइडच्या 30 सें.मी. पुढे राहील. एवढं केलं तर लहान गोल कडीतही तुमची अडचण मिटते. पाणी फार नितळ आहे किंवा तळाशी खडक आहेत म्हणून लांब लीडर हवाच असेल, तर गाठ एफजी बांधा. या गाठीत ब्रेडेड दोरी लीडरवर आवळून विणलेली असते, लीडर स्वतः दुमडत नाही, त्यामुळे ती इतर बहुतेक गाठींपेक्षा बारीक बसते. लीडरचं उरलेलं टोक अगदी जवळून कापा. ते खुंटासारखं राहिलं तर फेकताना नाही, गुंडाळताना कडीवर खट्टकन अडतं.

लांब लीडर आणि हलकं लुअर हे दोन्ही कायमचे असतील, तर टी-आकाराचा विचार जरूर करा. दायवा कंपनीच्या टी-विंग रचनेत गाइडला वर रुंद आणि खाली अरुंद असं टी अक्षराच्या आकाराचं भोक असतं. अंगठ्याखालची पट्टी दाबली की गाइडचा तुकडा कलतो आणि दोरीसमोर वरचा रुंद भाग येतो. हँडल फिरवलं की तो परत उलटतो आणि दोरी खालच्या अरुंद खाचेत बसते. म्हणजे फेकताना रुंद आणि गुंडाळताना अरुंद, अशी दोन्ही कामं दोन वेगळ्या भागांवर सोपवली आहेत. यात गाइड मधोमध आणायची काळजीही कमी होते, कारण कडेवरून सुटलेली दोरीही रुंद भागातून फारशी न वळता निघते.

लांबीपेक्षा मोठा फायदा आम्हाला दुसऱ्याच गोष्टीत वाटतो. फेकीच्या सुरुवातीला स्पूल आणि गाइड यांच्यामधली दोरी ताणलेली नसते. ती थोडी फुगलेली, लाटेसारखी हलत येते. लहान कडीत ही लाट कडीच्या तोंडावर थापा मारते आणि तिथेच छोटे गुंते सुरू होतात. रुंद भोकातून ती लाट तशीच निघून जाते. म्हणून टी-आकारावर गाठ अलगद जाते, आवाज कमी होतो आणि ब्रेक एखाद-दुसऱ्या खुणेने कमी ठेवता येतो. लांबीत जो फरक पडतो तो बराचसा या कमी झालेल्या ब्रेकमुळे. स्पूल, दोरी, ब्रेक सगळं सारखं ठेवून फक्त गाइड बदलला तर मिळणारी वाढ माफक असते. स्पूल काठोकाठ न भरता अर्धा रिकामा ठेवल्याने जितकी फेक कमी होते, तितकी गाइडच्या आकाराने क्वचितच होते.

तोटेही नीट पाहून घ्या. कलणारा तुकडा म्हणजे एक बिजागर आणि एक स्प्रिंग जास्त. तिथे वाळू किंवा मीठ बसलं की तुकडा अर्धवट उलटतो, दोरी खाचेत न उतरता रुंद भागातच राहते, आणि चार-सहा फेऱ्यांत स्पूलच्या एका बाजूला ढीग होतो. लुअर पाण्यावर पडल्यावर दोरी सैल असताना हँडल जोरात फिरवलं तरीही हेच होतं. सवय अशी लावा: लुअर पडलं की अंगठा स्पूलवर ठेवा, काठीचं टोक जरा उचलून दोरी ताणा आणि पहिली फेरी सावकाश मारा. दोरी खाचेत उतरताना बारीकसा धक्का हाताला कळतो. बुटक्या पहिल्या रिंगची काठी, फार सैल धरून गुंडाळायची पद्धत किंवा वाळूत ठेवलं जाणारं रीळ असेल, तर साधी कडी कमी त्रास देते.

थर्टीन फिशिंगच्या काही रिळांवर बाणाच्या फाळासारखा ॲरोहेड गाइड येतो. यात काही हलत नाही. भोकाचा आकारच निमुळता आहे, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. ताण आला की दोरी उतरत्या कडांवरून घसरत अरुंद भागात जाते. बिघडायला काही नाही ही याची जमेची बाजू. पण ताण नसेल तर दोरीला खाली आणणारं काहीच नाही, त्यामुळे हलकं लुअर सैल दोरीवर गुंडाळताना ती वरच रेंगाळते. उभी लंबगोल कडी याहून साधी आहे. गाठीला वर-खाली जागा मिळते, आडवी रुंदी मात्र अरुंदच राहते, म्हणून कडेवरचं वळण तसंच. गाठ आपटण्याची तक्रार असेल तर ती अर्धी मिटते, फेकीत विशेष फरक पडत नाही.

तुमच्या दुसऱ्या मित्राचा स्पूलबरोबर फिरणारा गाइड. फेकतानाही गाइड स्पूलच्या गिअरला जोडलेला राहतो आणि सुटणाऱ्या दोरीबरोबर इकडून तिकडे जातो. वळणाचा प्रश्नच उरत नाही. मग सगळे तसंच का करत नाहीत? वरच्याच आकड्यांवर पाहा. लुअर सेकंदाला 30 मीटर वेगाने सुटलं तर 34 मि.मी. व्यासाचा स्पूल सेकंदाला सुमारे 280 फेऱ्या मारतो. दर 25 फेऱ्यांना एक खेप, म्हणजे गाइडला सेकंदाला 11 वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावं लागेल आणि प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरावं लागेल. त्याची सगळी ताकद 7 ग्रॅमच्या लुअरनेच द्यायची. ते देऊ शकत नाही. शिवाय झीज भयंकर. म्हणून ही रचना मोठ्या गोल रिळांत शोभते: जड शिसं, जाड दोरी, बोटीमागे ओढायची आमिषं, जिथे फेक कमी किंवा हळू असते आणि मासा भरपूर दोरी ओढून नेतो.

त्या मित्राच्या बोलण्यातला एक मुद्दा मात्र मोलाचा आहे. मोठा मासा ड्रॅगवर (ठरावीक ताणाला दोरी सुटू देणाऱ्या यंत्रणेवर) दोरी ओढत असताना गाइड हलतो का, हे प्रत्येक रिळात वेगळं असतं. जिथे गाइडचा गिअर मुख्य गिअरला जोडलेला असतो तिथे ड्रॅग सुटतानाही गाइड फिरतो. जिथे तो हँडलच्या दांड्याला जोडलेला असतो तिथे हँडल स्थिर असल्यामुळे गाइडही थांबून राहतो. तपासायला अर्धं मिनिट लागतं: क्लच लावा (स्पूल हँडलला जोडला जाऊ द्या), ड्रॅग सैल करा, हँडल धरून ठेवा आणि हाताने दोरी ओढा. गाइड थांबून राहिला तर मासा लांब धावल्यावर कडीशी 32 अंशांपर्यंतचं वळण येणार आणि ड्रॅगच्या ताणात ते घर्षण वर भर घालणार. दोरी तिच्या शेवटच्या ताकदीच्या जवळ ताणलेली असेल तर ही भर तुटायला पुरेशी असते. असं रीळ असेल तर मोठ्या माशासाठी ड्रॅग दीड-दोन टक्क्यांनी नाही, चांगला दहा-पंधरा टक्क्यांनी सैल ठेवा. 7 ते 10 ग्रॅमच्या लुअरवर येणाऱ्या माशांसाठी काही बदलायची गरज नाही.

गाइड काढून टाकायचा सल्ला गोल रिळांच्या जगातून आलेला आहे. किनाऱ्यावरून 100 ग्रॅमच्या वर शिसं फेकणारे लोक गाइड नसलेली रिळं वापरतात; ॲबू गार्सियाच्या अम्बॅसडर मालिकेत तशी सीटी नावाची स्पर्धेसाठीची रिळं आहेत. तिथे दोरी डाव्या अंगठ्याने स्पूलवर इकडेतिकडे नेत पसरावी लागते, आणि गाइडचा शोध लागण्याआधी सगळ्यांना तसंच करावं लागे. त्या रिळांची चौकट त्यासाठी उघडी असते, अंगठा आत जातो. लो-प्रोफाइल रिळात अंगठ्याला समोरून जागाच नाही. गाइड काढला तर दोरी मधोमध टेकडीसारखी साचेल, वरच्या झाकणाला घासेल आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला टेकडी ढासळून गुंता होईल.

आता तुमचं सध्याचं रीळ दुरुस्त करूया, कारण किरकिर आणि साचणं हे नवं रीळ घेतलं तरी पुन्हा येणारच.

आवाज कुठून येतो ते आधी ठरवा. दोरी गाइडमधून बाहेर काढा, टेप लावून स्पूलवर चिकटवा आणि हँडल फिरवा. आवाज तसाच राहिला तर तो बहुधा वर्म शाफ्टचा आहे, म्हणजे ज्या आडव्या दांड्यावर एकमेकांना छेदणारे आटे असतात आणि ज्याच्यावर गाइड सरकतो त्याचा. आवाज गेला तर तो ओल्या ब्रेडेड दोरीचा कडीवर घासण्याचा आहे. त्यात बिघाड असेलच असं नाही, पण कडी तपासायलाच हवी. कापसाचा सैल बोळा कडीच्या आतून गोल फिरवा. एकही तंतू अडकला तर तिथे चीर किंवा खाच आहे. दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांकडे जास्त लक्ष द्या, कारण फेकताना दोरी तिथेच घासते.

कडीच्या मालाबद्दल थोडक्यात. साध्या स्टीलवर ब्रेडेड दोरी काही हंगामांत खाच पाडते. तंगूस वापरणाऱ्याला ती कडी वर्षानुवर्षं पुरते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कडी ब्रेडेड दोरीला चालते. सिलिकॉन कार्बाइड सर्वांत कठीण आणि उष्णता पटकन पसरवणारी, पण रीळ दगडावर पडलं तर तडकते. झिर्कोनिया तिच्याहून जरा मऊ, पण चिवट; आदळआपट जास्त होत असेल तर तीच बरी. सोनेरी दिसणारी कडी बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असते, आणि मुलाम्याखाली काय आहे ते महत्त्वाचं. मुलामा एका जागी उडाला की त्याची धारच दोरी कापते.

वर्म साफ करायचं तर गाइडच्या खालच्या बाजूला एक लहान टोपीसारखा स्क्रू दिसेल. खाली पांढरा कपडा पसरून मगच तो उघडा. आतून पॉल निघेल: एका दांडीवर अर्धचंद्रासारखं पातळ पातं असलेला बोटाच्या नखाहून लहान तुकडा. बऱ्याचदा त्याच्याखाली एक चकतीही असते. ती कपड्यावरून घरंगळून हरवणं हा या कामातला सर्वांत सामान्य अपघात. पॉल उजेडात धरा. पात्याची धार दोन्ही टोकांना सारखी आणि थोडी बोथट असावी. ती चाकूसारखी पातळ झाली असेल किंवा एका टोकाला जास्त खाल्ली गेली असेल, तर तुमच्या उजव्या कडेच्या ढिगाचं कारण सापडलं. झिजलेला पॉल वळणावर लगेच उलट फिरत नाही. गाइड तिथे एक-दोन फेऱ्या रेंगाळतो आणि तेवढी दोरी कडेला साचते.

वर्मचे आटे रॉकेल किंवा डिग्रीझरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा आणि हँडल फिरवत पूर्ण लांबी स्वच्छ करा. जिथे आटे एकमेकांना छेदतात तिथले कोपरे दाबले गेलेत का ते पाहा. ते गोलसर झाले असतील तर नवा पॉलही लवकर जाईल, वर्म बदला. नाहीतर पॉल एकटा बदलून भागतं. वंगण कमीच: गोड्या पाण्यात वापरत असाल तर पातळ तेलाचे दोन थेंब, खाऱ्या पाण्यात ग्रीसचा पातळ हात. जाड ग्रीस वाळूचे कण धरून ठेवतं आणि मग तेच पॉलला कानशीसारखं घासतं.

बसवताना पॉल आत ठेवून बोटाने हलकेच दाबा आणि हँडल सावकाश फिरवा. पातं आट्यात बसलं की पॉल किंचित खाली उतरतो आणि गाइड चालू लागतो. तो उतरण्याआधी टोपी आवळलीत तर पातं आट्याच्या माथ्यावर चिरडेल. टोपी हाताला घट्ट लागेपर्यंतच आवळा. जास्त आवळली तर गाइड जड होतो, सैल राहिली तर पातं आट्यातून उचकटून छेदाचे कोपरे खातं.

पॉल चांगला निघाला आणि तरी ढीग होत असेल, तर गाइड दोन्ही टोकांना नेऊन पाहा. डावीकडे कडीचा मध्य स्पूलच्या कडेपासून जितका दूर थांबतो, उजवीकडेही तितकाच थांबला पाहिजे. फरक दिसला तर स्पूल एका बाजूला सरकला आहे: ताणाची खुंटी (स्पूलला बाजूने दाबून धरणारा स्क्रू) फार सैल आहे, किंवा मागे उघडताना एखादी चकती चुकीच्या बाजूला गेली आहे. अंतर सारखं असूनही उजवीकडेच ढीग होत असेल तर गुंडाळताना काठी आडवी धरायची सवय तपासा.

हे सगळं करून लीडर 1.7 मीटरवर आणा, ब्रेक पूर्वीच्या खुणेवर न्या आणि गाइड मध्यावर ठेवून 10 फेकी मारा. मग तेच लुअर घेऊन 3 मीटर लीडर आणि एफजी गाठीने आणखी 10. पहिल्या दहा नीट गेल्या आणि दुसऱ्या दहांत गाठ अजूनही अडत असेल, तर टी-आकाराचं रीळ घ्या. दुकानात तुमची दोरी आणि बांधलेली गाठ सोबत न्या. गाठ रुंद भागातून ओढून पाहा, पट्टी दाबून तुकडा दहा-बारा वेळा कलवून पाहा. तो दर वेळी पूर्ण उलटला पाहिजे, अर्ध्यावर अडला किंवा डुगडुगला तर ते रीळ सोडा. पॉलची टोपी साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडते का आणि सुटा पॉल मिळतो का, हे विचारूनच मग पैसे द्या.